'इश्तार'चं बिल कोणाच्या नावावर?

एलेन मेचं नाव निघालं की हॉलिवूडचे जाणकार एक जुना निकाल वाचून दाखवतात. नटी म्हणून अव्वल, लेखणी तर विचारूच नका. पण बाईंनी दिग्दर्शनात पडायला नको होतं. पैशाचा हिशेब नाही, दिवसाचं भान नाही, आणि शेवटी १९८७ च्या 'इश्तार'पायी स्वतःही बुडाली, कोलंबिया कंपनीलाही बुडवलं.

या पक्षाकडे पुरावे आहेत, ते नाकारण्यात अर्थ नाही. तिच्या 'मायकी अँड निकी'चं चित्रीकरण १९७३ मध्ये झालं, चित्रपट आला १९७६ च्या डिसेंबरात. सुमारे चौदा लाख फूट फिल्म खर्ची पडली. स्टुडिओशी भांडण पेटलं तेव्हा काही रिळं गायब झाली, आणि ती कोणी लपवली असतील हे सगळ्यांना कळत होतं. 'इश्तार'ला पाच कोटी डॉलरहून जास्त लागले, अमेरिकेतल्या तिकीटबारीवर दीड कोटीही जमले नाहीत. हे सगळं खरं आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र खोटा आहे.

पहिली गोष्ट चौदा लाख फुटांची. मे घडली शिकागोच्या 'कंपास' मंडळीत, जिथे संहिता हातात नसायची. माइक निकल्सबरोबरचा तिचा कार्यक्रम १९६० मध्ये ब्रॉडवेवर आला. त्यात प्रेक्षक पहिलं वाक्य सांगत, शेवटचं सांगत, शैलीही सुचवत, आणि मधला प्रवेश ही दोघं तिथल्या तिथे उभा करत. या तालमीत वाक्य आधी बोललं जातं, ते बरं होतं की वाईट हे नंतर कळतं. कॅमेऱ्यामागे गेल्यावर तिनं वेगळं काय केलं? 'मायकी अँड निकी'चे नायक कासावेटिस आणि पीटर फॉक चौकटीबाहेर निघून गेले तरी ती कॅमेरा बंद करू देईना, ते परत येतील म्हणून, असा किस्सा सांगतात. लोक तो तिच्या वेडेपणाचा दाखला म्हणून सांगतात. मला तो तिच्या कामाच्या पद्धतीचा दाखला वाटतो. कुब्रिकनं एकच शॉट पुन्हापुन्हा घेतला की त्याला ध्यास म्हणायचं आणि मेनं घेतला की उधळपट्टी, हा न्याय कुठला?

या पद्धतीतून काय निघतं ते 'अ न्यू लीफ'मध्ये (१९७१) दिसतं. लेखन तिचं, दिग्दर्शन तिचं, नायिकाही तीच. हेन्रिएटा ही श्रीमंत, वेंधळी वनस्पतिशास्त्रज्ञ. पैसा उडवून बसलेला हेन्री (वॉल्टर मॅथाऊ) तिला मारण्याच्या बेतानं तिच्याशी लग्न करतो. मधुचंद्राच्या रात्री ती ग्रीक घाटाचा झगा घालते आणि डोकं घालते हाताच्या भोकातून. हेन्री ते सोडवायला लागतो. प्रवेश लांबतो, आणखी लांबतो. विनोद संपला असं वाटतं आणि तो चालूच राहतो. खून करायला निघालेला माणूस बायकोचा हात बाहीतून काढता काढता नकळत नवरा होऊ लागतो. दुसऱ्या कुणी हा प्रवेश पाव मिनिटात कापला असता. तो किती वेळ चालू द्यायचा हे अंगानं विनोद केलेल्या नटीलाच कळतं, आणि हा निर्णय दिग्दर्शकाचा असतो. नटी चांगली आणि दिग्दर्शक वाईट, अशी तिची वाटणी करणाऱ्यांनी हा प्रवेश कोणत्या खात्यात टाकायचा ते सांगावं.

शिवाय हे लोक 'द हार्टब्रेक किड' (१९७२) सोयीस्कर विसरतात. संहिता नील सायमनची, चित्रपट चालला, आणि जीनी बर्लिन (मेची मुलगी) व एडी अल्बर्ट या दोघांना ऑस्करची नामांकनं मिळाली.

राहिला 'इश्तार'. त्याला दडलेली महान कृती ठरवणाऱ्या नव्या भक्तांशीही माझं जमत नाही. दोन भिकार गीतकारांचा न्यूयॉर्कमधला भाग लाजवाब आहे. वाळवंटात गेल्यावर चित्रपट उंटाइतकाच रेंगाळतो. पण बुडालेल्या चित्रपटाचं बिल कुणी भरलं ते पाहा. त्याचा नायक डस्टिन हॉफमन पुढच्याच वर्षी 'रेन मॅन'मध्ये होता आणि ऑस्कर घेऊन गेला. दुसरा नायक वॉरन बीटी हाच निर्माता. त्यानं १९९० मध्ये 'डिक ट्रेसी' दिग्दर्शित केला. मायकल चिमिनोच्या 'हेवन्स गेट'नं १९८० मध्ये युनायटेड आर्टिस्ट्सचं कंबरडं मोडलं, तरी त्याला पुढे चार चित्रपट मिळाले. मे हिला मात्र पुढे एकही कथापट मिळाला नाही.

तिची लेखणी मात्र सगळ्यांना हवी होती. 'रेड्स' आणि 'टूट्सी'साठी तिनं लिहिलं, श्रेयनामावलीत नाव नाही. 'द बर्डकेज' आणि 'प्रायमरी कलर्स' तिनं लिहिले, दिग्दर्शन निकल्सचं. म्हणजे पडद्यावर काय घडावं हे ठरवण्याची तिची अक्कल शंकेपलीकडची. फक्त सेटवर हुकूम तिचा नको. वयाच्या ८७ व्या वर्षी 'द वेव्हर्ली गॅलरी'साठी तिला टोनी मिळाला, २०२२ मध्ये मानाचा ऑस्करही. त्याआधी, २०१९ मध्ये, 'अ न्यू लीफ' अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत दाखल झाला. पण तो पॅरामाउंटनं कापलेला. तिचा मूळ कट सुमारे तीन तासांचा होता, त्यात हेन्री खून करून सुटतो. या कापाकापीवर ती कोर्टात गेली, हरली, आणि तिचा कट आजवर प्रेक्षकांसमोर आलेला नाही. मग तिच्या दिग्दर्शनाचा निकाल लावणाऱ्यांनी नेमकं पाहिलं तरी काय?