पकड सुटते, मास्तर बदलतो

विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन कबड्डी स्पर्धेत हरून संघ नागपूरहून परत निघाला की मौदा येईपर्यंत बसमध्ये कोणी बोलत नाही. मौदा मागे पडलं की मागच्या सीटवरून पहिलं वाक्य येतं, "चढाया तर झाल्या ना भाऊ, पकडच नाही झाली." आणि भंडाऱ्याच्या बसस्थानकावर उतरेपर्यंत निकाल लागलेला असतो : पकडीचा मास्तर बदला.

या बसमध्ये मी खेळाडू म्हणून बसलोय, पुढे नुसता हौशी म्हणूनही बसलोय. दोन्ही वेळा हा निकाल मीही तावातावाने दिलेला आहे. आज तो मागे घेतो.

आधी हा मास्तर कोण, ते सांगायला हवं. आपल्याकडच्या कॉलेजांत पीटी सर एकच. कागदावर ते शारीरिक शिक्षण संचालक. प्रत्यक्षात धावण्यापासून बुद्धिबळापर्यंत सगळं त्यांच्याच गळ्यात. मग कबड्डीसाठी गावच्या मंडळातला एखादा जुना कोपरारक्षक संध्याकाळी बोलावतात. गुडघ्याला पट्टा, हातात शिट्टी, मानधन मिळालं तर मिळालं. त्याच्याकडे नेमणुकीचं पत्र नसतं. म्हणून त्याला काढायलाही पत्र लागत नाही. संघ हरल्यावर सगळ्यांत आधी तोच बदलला जातो, याचं अर्धं कारण मला इथेच दिसतं.

बदल मागणाऱ्यांची बाजू मात्र पोरकट नाही. ते म्हणतात, गुणफलक बघा. गुण दिले ते बचावाने दिले, मग जाब बचाव शिकवणाऱ्यालाच विचारणार ना? ऐकायला सरळ वाटतं, पण कबड्डीचा हिशेब इतका सरळ नाही. या खेळात बाद झालेला गडी आत यायला आपल्याच संघाचा गुण लागतो. आपला मुख्य चढाईपटू पकडला गेला, त्याच्या जागी गेलेले दोघेही एकापाठोपाठ अडकले, की मागे सातांचे पाच आणि पाचांचे चार होतात. बोनसने गुण मिळतो, पण गडी आत येत नाही. मग चार जणांचा बचाव समोरच्या ताज्या चढाईपटूला अडवू शकला नाही की आपण म्हणतो, पकड झाली नाही. शेवटी लोण बसतो, वरचे दोन गुण जातात, आणि तेही मास्तरच्याच नावावर. पुढच्या वेळी कोणी "पकडच नाही झाली" म्हणालं तर त्याला एवढंच विचारा की त्या घटकेला मैदानात गडी किती होते. उत्तर बहुतेक येत नाही, कारण ते कोणी टिपलेलंच नसतं.

दुसरा दाखला विदर्भाच्या क्रिकेटचा, आणि तो दर वेळी निघतो. २०१७ मध्ये चंद्रकांत पंडित प्रशिक्षक म्हणून आले आणि १ जानेवारी २०१८ रोजी इंदूरला दिल्लीला हरवून विदर्भाने पहिल्यांदा रणजी करंडक उचलला; पुढच्या वर्षी नागपुरात सौराष्ट्राला हरवून पुन्हा. मग प्रशिक्षक बदलून काय होतं, हे सिद्ध झालं ना? झालं, पण अर्धंच. पंडितांच्या शिस्तीचं श्रेय मी काढून घेत नाही. परंतु फैज फझलसारखा विदर्भाच्याच मातीतला, वर्षानुवर्षं याच संघाकडून खेळलेला कर्णधार तिथे उभा होता, सोबतीला वसीम जाफर होता. पंडित आले ते बांधून झालेल्या घरात, पायाच्या खड्ड्यात नव्हे. आणि २०२५ मध्ये केरळविरुद्ध पहिल्या डावाच्या आघाडीवर तिसरा करंडक आला, तेव्हा प्रशिक्षक होते उस्मान गनी, विदर्भाकडूनच खेळलेले. ही गोष्ट सांगताना आपण पंडितांवर थांबतो, गनींपर्यंत पोचत नाही.

तिसरा दाखला मला स्वतःला जास्त अडचणीचा वाटतो, म्हणून त्यावर जरा थांबतो. शैलजा जैन. नाशिकच्या या प्रशिक्षिका इराणच्या महिला कबड्डी संघाकडे गेल्या आणि २०१८ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत त्याच संघाने अंतिम फेरीत भारताला २७-२४ असं हरवलं. आपल्या मातीतला खेळ, आपल्याच मातीतली बाई, आणि सुवर्ण परक्यांचं. "नवा माणूस आणला की असं होतं," असं म्हणणाऱ्याला याहून झणझणीत उदाहरण कुठून मिळणार? पण चार वर्षं मागे चला. २०१४ ला इंचॉनमध्ये अंतिम सामना याच दोन संघांत झाला होता आणि इराणच्या मुली ३१-२१ ने हरल्या होत्या. म्हणजे जैनबाईंच्या हाती आला तो आशियातला दुसऱ्या क्रमांकाचा संघ. त्यांना काम करायला वेळही मिळाला. स्पर्धा पंधरा दिवसांवर आल्यावर कोणी त्यांना फोन केला नव्हता. मास्तरचं महत्त्व या उदाहरणातून खरंच सिद्ध होतं. पण ते सिद्ध होतं मास्तरला दिलेल्या वेळामुळे, आणि आपण तेवढाच भाग गाळून गोष्ट सांगतो.

थोडं दूरचंही पाहू. अमेरिकेत अंडाकृती चेंडूचा जो फुटबॉल कॉलेजांमध्ये चालतो, तिथे बचावाचा स्वतंत्र प्रशिक्षक असतो आणि त्याची नोकरी जाणं ही गावभर चघळायची बातमी असते. युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियाने नोव्हेंबर २०२३ मध्ये अॅलेक्स ग्रिंच यांना काढलं. त्या मोसमात संघ सामन्यामागे सरासरी चौतीसच्या वर गुण देत होता. डी'अँटन लिन आले आणि पुढच्या वर्षी हा आकडा चोविसाच्या आसपास उतरला. बदल सपशेल यशस्वी! फक्त आधीच्या वर्षी आठ विजय होते, नव्या मोसमात सात झाले. ते त्या वर्षी अधिक तगड्या गटात खेळले, हेही सांगायला हवं. तरी बचाव सुधारला म्हणजे संघ सुधारला असं नसतं, हे त्या लाखो डॉलरांच्या दुनियेतही लोकांना पुन्हा शिकावं लागलं.

आता माझी बाजू. चढाई एकट्याची असते. शाळकरी पोरगंही घरामागच्या बांधीत रेघ ओढून पायाचा झोल शिकू शकतं. पकड तशी शिकता येत नाही. दोन्ही टोकांना जोड्या, मध्ये तिघे, आणि त्यांच्या हातांची साखळी. कोपरारक्षक घोट्यावर झेपावतो तेव्हा शेजारच्याने डोळ्यांनी बघून निघायचं नसतं. हातातून आलेल्या झटक्यावर निघायचं असतं. एकट्याने घाई केली तर एक गडी जातो. दुसरा अर्धा श्वास उशिरा आला तर चढाईपटू दोघांनाही ओढत मध्यरेषेपर्यंत नेतो आणि दोघंही जातात. हा अर्धा श्वास कोणताही मास्तर भाषणाने कमी करू शकत नाही. तो एकाच जोडीने रोज पकड केल्यानेच कमी होतो.

आणि रोजचं काय आहे आपल्याकडे? भंडारा धानाचा जिल्हा. कॉलेजात प्रवेश होतात तेव्हा पऱ्हे तयार असतात, जुलै-ऑगस्टला रोवणा. डावा कोपरा पवनीकडे घरच्या बांधीत चिखलात उभा, उजवा कोपरा लाखांदूरला. पोरं परतली की जेमतेम सराव सुरू होतो, तोवर हलकं धान कापणीला येतं, मागोमाग दिवाळी, मंडई, भारी धान. आणि स्पर्धा नेमक्या याच दिवसांत. मैदानावर संध्याकाळी कधी पाच असतात, कधी नऊ, पण तेच सात सलग आठ दिवस? मी तरी पाहिलेले नाहीत. बापाला कापणीला मजूर मिळत नाही म्हणून पोरगं घरी गेलं, तर त्याला दोष देणाऱ्याने एकदा विळा हातात धरून बघावा.

त्यात मातीचा आणि मॅटचा फरक. गावात खेळतो मातीवर, अनवाणी. मोठ्या स्पर्धा मॅटवर, बूट घालून. मॅटवर चढाईपटूचं पाऊल रुतत नाही, घसरत नाही, तो जागच्या जागी वळतो. मातीवर बरोबर वेळेला पडणारा घोट्याचा हात मॅटवर रिकामा पडतो. आमच्या पोरांना हे स्पर्धेच्या पहिल्या सामन्यात कळतं, आणि बहुतेक वेळा तोच शेवटचा सामना असतो.

प्रो कबड्डी लीगमधल्या पुणेरी पलटणचं उदाहरण मला साखळीच्या या मुद्द्यामुळेच पटतं. १ मार्च २०२४ ला हरियाणा स्टीलर्सविरुद्धचा अंतिम सामना त्यांनी २८-२५ असा जिंकला; एवढे कमी गुण म्हणजे सामना पकडीवरच खेळला गेला. मोहम्मदरेझा शादलूवर २ कोटी ३५ लाख मोजलेले होते हे खरं. पण अस्लम इनामदार, मोहित गोयत, संकेत सावंत ही पोरं त्याआधीपासून एकत्र खेळत होती. मध्ये प्रशिक्षक बदलला, अनुप कुमार जाऊन बी. सी. रमेश आले, तरी गाभा राहिला. त्यांनी मास्तर बदलला आणि पोरं ठेवली. आपल्याकडे तिसरं वर्ष संपलं की पोरं जातातच, त्यावर इलाज नाही. मग निदान मास्तर तरी राहू द्या. दर वर्षी बदलणाऱ्या संघात साखळीची भाषा लक्षात ठेवणारा तेवढाच एक माणूस उरतो.

मास्तर कधीच बदलू नये, असं मात्र मी म्हणत नाही. पोरांना शिवीगाळ करणारा, आपल्याच मंडळाच्या पोरांना पुढे करणारा, दुखऱ्या गुडघ्यावर खेळवणारा मास्तर असेल तर त्याला हंगाम संपायची वाट न बघता घालवावा. बाकीच्यांना तीन वर्षं द्यावीत, आणि मानधनाचं पत्रही. सरावाचं वेळापत्रक पंचांगाकडे नाही तर धानाकडे बघून करावं : रोवणा आटोपल्यापासून हलकं धान पिवळं पडेपर्यंतचे आठवडे पकडीसाठी राखून ठेवायचे, चढाई पोरं घरीही करतील. हजेरीच्या वहीत नावांसोबत जोड्याही लिहाव्यात, कोण कुणाच्या हातात हात घालून किती दिवस खेळला. आणि तालुक्यातल्या चार कॉलेजांनी मिळून मॅटची एक जोडी घ्यावी. ती आळीपाळीने फिरवायला एक ट्रॅक्टर पुरतो, आणि ट्रॅक्टर आपल्याकडे पोरांच्या घरीच असतात.

याच विदर्भातल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ ला बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डी जगाला दाखवली होती, याचा अभिमान आम्ही भाषणांत सांगतो. त्या भाषणांच्या मंडपात आमचा जुना कोपरारक्षक मागच्या रांगेत बसलेला असतो. मागच्या मोसमानंतर त्याला पुन्हा बोलावणं गेलं नाही. परवा भेटला तेव्हा त्याने निकालाबद्दल एक शब्द काढला नाही. एवढंच विचारलं, "तो उजवा कोपरा, कापणीवरून आला का परत?"