राजकारण नको, म्हणणाऱ्यांचे राजकारण

'आमचे मंडळ राजकारणापासून अलिप्त आहे,' असे गावोगावच्या विकास मंडळांचे चालक अभिमानाने सांगत असतात. मंडळ कोणा पक्षाच्या दावणीला बांधू नये, एवढाच याचा अर्थ असता तर आमची तक्रार नव्हती. परंतु व्यवहारात ही अलिप्तता म्हणजे वाचनालय चालवावे, शिबिरे भरवावीत आणि गावची जमीन कोणाच्या घशात जाते हे मात्र विचारू नये, अशी असते. हा सोवळेपणा आम्हांस मान्य नाही.

त्याची परीक्षा पूर्वीच होऊन गेली आहे. २ ऑक्टोबर १९५२ रोजी भारतात सामुदायिक विकास योजना सुरू झाली. गोवा तेव्हा पोर्तुगीज अमलाखाली होता. पाचच वर्षांनी, १९५७ साली, बळवंतराय मेहता समितीला आढळले की, या योजनेतून लोकांचा पुढाकार काही उभा राहिला नाही. तिने उपाय सुचविला तो मंडळे वाढविण्याचा नव्हे. निवडून आलेल्या संस्थांच्या हाती सत्ता आणि पैसा देण्याचा.

गोव्याचा स्वतःचा दाखलाही आहे. प्रादेशिक आराखडा २०११ हा २००६ मध्ये अधिसूचित झाला, तेव्हा 'गोवा बचाव अभियाना'मागे नागरिक उभे राहिले आणि जानेवारी २००७ मध्ये सरकारला तो मागे घ्यावा लागला. अलिप्त राहून हे झाले नसते. त्यास कोणी राजकारण म्हणत असेल, तर खुशाल म्हणो!

आता वकिलाच्या नजरेस पडणारी एक गोष्ट. खेड्यातील मतदाराला ७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभा तरी दिली. (तिचे अधिकार राज्य विधिमंडळाच्या मर्जीवर सोडले, ते निराळे.) शहरवासीयाला घटनेने तेवढेही दिलेले नाही. ७४ व्या दुरुस्तीने प्रभाग समित्या बंधनकारक केल्या, त्या तीन लाख वा अधिक वस्तीच्या नगरपालिकांपुरत्या. २०११ च्या जनगणनेत पणजी शहराची वस्ती सुमारे ४० हजार. गोव्यातील एकही नगर तीन लाखांच्या आसपासदेखील नव्हते. मात्र याखेरीज आणखी समित्या नेमण्यास राज्याला आडकाठी नाही, असे घटना त्याच जागी स्पष्ट सांगते. तेव्हा अडते ते कायद्यापाशी नव्हे. मागणारेच गप्प आहेत.

पणजी, मडगाव, म्हापसा येथील नागरिक संघांनी येत्या निवडणुकीत उमेदवारांस एवढेच विचारावे: प्रभागातील सर्व मतदारांची सभा कायद्याने भरविण्याचा आग्रह तुम्ही धरणार की नाही, आणि पालिका त्या सभेच्या ठरावाविरुद्ध गेली तर काय करणार? उत्तर मात्र लेखी घ्यावे.