चवीची वही, तलफेची वही

आपल्या जिल्ह्यात सिगार ओढणारे किती, असे मला कोणी विचारले असते तर मी एका हाताची बोटेसुद्धा पुरी मोजली नसती. पण या सदराच्या टपालात एका वाचकाचे पत्र आले आहे. त्यांचा मुलगा परदेशात असतो. यंदा येताना त्याने उंची सिगारींचा डबा आणला आणि सोबत कातडी बांधणीची एक वही. ओढलेल्या प्रत्येक सिगारची चव त्या वहीत टिपून ठेवायची असते. पत्रलेखक विचारतात, "डॉक्टर, अशी वही ठेवली की माणूस सावकाश ओढतो, म्हणून कमी ओढतो, हे खरे का? ठेवू का वही?"

प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही, कारण लिहिण्याचा माणसाच्या सवयींवर परिणाम होतो हे आम्हा डॉक्टरांना ठाऊक आहे. मधुमेहाच्या पेशंटला आम्ही खाण्याची नोंद ठेवायला सांगतो ते उगाच नाही. मुद्दा आहे तो वहीत काय लिहायचे हा.

ज्यांनी अशी वही पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. तारीख, सिगारचे नाव, लांबी, जाडी (ही इंचाच्या चौसष्टाव्या भागात मोजतात), वरचे पान कोणत्या देशाचे, धूर सहज खेचला गेला की नाही, राख किती वेळ टिकली, असे रकाने असतात. मग चव. कोको, भाजलेली कॉफी, चामडे, देवदाराचे लाकूड, मिरी. शेवटी शंभरपैकी गुण. काही हौशी मंडळी सिगारवरची कागदी पट्टीही शेजारी चिकटवतात. परीक्षेच्या पेपराप्रमाणे गुण देण्याची ही पद्धत 'सिगार अफिशिओनाडो' या १९९२ साली अमेरिकेत निघालेल्या नियतकालिकाने फार लोकप्रिय केली. त्या देशात सिगारींचा खप १९९३ पर्यंत वर्षानुवर्षे घसरत आला होता. पुढच्या पाच वर्षांत तो जवळजवळ निम्म्याने वाढला. सगळे श्रेय, किंवा अपश्रेय, एका नियतकालिकाला देणे बरोबर होणार नाही. पण तंबाखूला एकदा रसिकतेची शाल पांघरली की ती दिवाणखान्यात मानाने बसते, एवढे नक्की.

वहीच्या बाजूने जे म्हटले जाते त्यात थोडे तथ्य आहे. लिहिणारा माणूस घाईने ओढत नाही. मोठी सिगार तास-तास पुरते, तेव्हा दिवसाकाठी फार ओढल्या जात नाहीत. वर्षातून एकदा लग्नाकार्यात सिगार पेटवणाऱ्याशी मी वाद घालत बसणार नाही. पण गुण द्यायचे म्हटले की तुलना आली, तुलना आली की पुढची सिगार आली. रिकामे पान वाचकाला जसे टोचते तसे संग्राहकालाही टोचते. तपकिरीच्या डब्या जमवणारे माझे एक आजोबा होते. डब्या भरलेल्याच असायच्या, हे वेगळे सांगायला नको.

आता सिगारवाल्यांचे एक ठरलेले वाक्य. "मी धूर गिळत नाही, नुसता तोंडात घोळवतो." हे ते प्रामाणिकपणे सांगतात. पण सिगारेटचा धूर आम्लधर्मी असतो, त्यातले निकोटिन शरीरात जायला धूर फुप्फुसात न्यावा लागतो. सिगारचा धूर अल्कधर्मी. त्यातले निकोटिन तोंडाच्या अस्तरातूनच रक्तात उतरते. म्हणजे धूर गिळला नाही तरी तलफ भागते आणि सवय जडते. शिवाय एका सिगारेटमध्ये एक ग्रॅमहून कमी तंबाखू असते. मोठ्या सिगारमध्ये पाच ग्रॅमपासून पंधरा-सतरा ग्रॅमपर्यंत, म्हणजे जवळपास पाकीटभर सिगारेटींची. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९९८ साली सिगारवर एक मोठा ग्रंथच काढला. दिवसाला एक-दोन सिगारी ओढणाऱ्यांतही तोंडाचा आणि अन्ननलिकेचा कर्करोग जास्त आढळतो, हे त्यात स्पष्ट आहे. आणि जो आधी सिगारेटी ओढत होता तो सिगारकडे वळला तरी सवयीने धूर आत घेतोच.

लिहिणाऱ्या सिगारवाल्याचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे सिग्मंड फ्रॉइड. दिवसाला वीस-वीस सिगारी ओढणारा हा माणूस स्वतःच्या स्वप्नांपासून सगळे लिहून ठेवायचा. १८९४च्या सुमारास छातीत त्रास झाला, तेव्हा त्यांचे मित्र डॉ. फ्लीस यांनी सिगार बंद करायला सांगितली. फ्रॉइड यांनी सोडली, पुन्हा धरली, पुन्हा सोडली, आणि हे सारे मित्राला पत्रांतून कळवत राहिले. १९२३ साली त्यांच्या तोंडात कर्करोग निघाला. त्यानंतरच्या सोळा वर्षांत तीसहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या, टाळूचा भाग काढल्यामुळे कृत्रिम टाळू बसवावी लागली, बोलणे-खाणे मुश्कील झाले. १९३९ साली ते गेले. सिगार मात्र त्यांनी कायमची सोडली नाही. जगाच्या मनाचा ठाव घेणाऱ्या माणसाची ही गत, तर तुमची-आमची काय!

इतक्या लांबचे नको असेल तर जवळचे सांगतो. ज्यांचे आहे त्यांना विचारूनच लिहितो आहे. माझे एक पेशंट बोटीवर इंजिनिअर होते. बंदराबंदरांत हिंडताना सिगारची गोडी लागली आणि निवृत्त होऊन गावी आले तरी आठवड्याला तीन-चार चालू होत्या. वही नेटकी, अक्षर मोत्यासारखे. ब्लडप्रेशर तपासायला येत तेव्हा कधी कधी ती कौतुकाने दाखवत. एकदा दवाखान्यात गर्दी नव्हती म्हणून मी सावकाश पाने उलटली. पहिल्या दोन वर्षांत कोको, मध, ओले लाकूड असे नाना प्रकार होते. शेवटच्या पाच-सहा महिन्यांत मात्र प्रत्येक नोंदीत एकच शब्द, मिरी. सिगार क्यूबाची असो, निकाराग्वाची असो की आपल्या दिंडीगुलची, सगळ्यांची चव मिरीची. मी विचारले, "घरी आमटी तिखट लागते का हल्ली?" ते म्हणाले, "लागते खरी. हिला सांगून माझी वेगळी काढायला लावतो."

बॅटरी लावून तोंड पाहिले. डाव्या गालाच्या आत, मागच्या बाजूला, पांढरा चट्टा आणि त्यात लाल ठिपके. शहरात पाठवून तुकडा तपासून घेतला. पेशींमध्ये बदल सुरू झाले होते, पण कर्करोग झालेला नव्हता. तेवढा भाग काढून टाकला. आता चार वर्षे झाली, सिगार बंद आहे आणि दर तीन महिन्यांनी ते तोंड दाखवायला येतात.

कोणी म्हणेल, मग त्या वहीनेच त्यांना वाचवले की! मला तसे वाटत नाही. तोंडाची आग होते आहे हे त्यांच्या जिभेने महिनोन् महिने सांगितले, आणि त्यांनी त्यापुढे लिहिले "दमदार, ९१ गुण". चवीच्या भाषेत लक्षणालाही गुण मिळतात. माझा या वहीला आक्षेप आहे तो इथे. ती तोंडात काय चालले आहे ते विचारते, पण उत्तर आले की ते सिगारच्या खात्यावर जमा करते.

मग नोंद कसली ठेवावी? १९७० साली अमेरिकेत रिचर्ड मॅकफॉल या मानसशास्त्रज्ञाने एका वर्गातल्या धूम्रपान करणाऱ्या विद्यार्थ्यांवर साधा प्रयोग केला. अर्ध्यांनी ओढलेल्या प्रत्येक सिगारेटची नोंद ठेवायची. उरलेल्यांनी, ओढावीशी वाटली पण ओढली नाही, अशा प्रत्येक वेळेची. पहिल्या गटाचे ओढणे वाढले, दुसऱ्याचे कमी झाले. प्रयोग लहान, एका वर्गापुरता. त्यावर इमारत उभारू नये. पण माझ्या दवाखान्यातला अनुभव त्याच्याशी जुळतो. जे लिहाल त्याला पाणी घातल्यासारखे होते. तेव्हा पत्रलेखकांना माझे उत्तर असे: कातडी बांधणीची वही फेकू नका, चांगली आहे. चवीचे आणि गुणांचे रकाने काढून टाका आणि न ओढलेल्या सिगारी लिहायला घ्या.

हा सगळा मजकूर खरे तर सिगारवाल्यांपेक्षा विडीवाल्यांच्या आणि तंबाखू-चुनावाल्यांच्या कामाचा आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेणारे निघाले. त्यात ओढणारे ३.८ टक्के आणि खाणारे, लावणारे २४.४ टक्के. चवीची वही ठेवायला त्यांना कोणी सांगत नाही, कारण दहा रुपयांच्या पुडीला रसिकतेची शाल परवडत नाही.

एस.टी.च्या एका चालकाला मी शाळकरी चाळीस पानी वही दिली होती. दिवसाला बावीस विड्या, दोन जिने चढले की धाप. वहीचे पान फाडून, घडी घालून, रबराने बंडलालाच बांधायचे आणि छोटी पेन्सिल खोचायची. नियम एकच, आधी लिहायचे, मग काडी ओढायची. वेळ, जागा, सोबत कोण आणि तलफ किती आण्यांची. चार आणे, आठ आणे, की पुरी सोळा आणे. पहिला आठवडा फक्त ओळखीसाठी, कमी करायची सक्ती नाही. आठवड्याने दीडशेच्या आसपास नोंदी झाल्या, आणि सोळा आण्यांच्या पंचवीससुद्धा भरल्या नाहीत. त्या सकाळी उठल्यावरच्या, जेवणानंतरच्या आणि रात्रीच्या. बाकीच्या डेपोत चहाबरोबर, कोणी पुढे केली म्हणून, गाडी लागायला उशीर झाला म्हणून. गृहस्थ स्वतःच म्हणाले, "डॉक्टर, ह्या अर्ध्या तर मी दुसऱ्यांच्या ओढतोय!"

दुसऱ्या आठवड्यापासून ओढलेल्या विडीची नोंद बंद. न ओढलेल्या विडीसाठी मोठा गोल काढायचा. यात जादू काही नाही. तलफ ही लाटेसारखी असते, तीन ते पाच मिनिटांत बरीचशी ओसरते. पेन्सिल शोधा, घडी उलगडा, आणे ठरवा, यात त्यातला बराच वेळ निघून जातो. दोन महिन्यांत ते नऊवर आले. गणपतीत मुंबईची पाहुणेमंडळी आली आणि गाडी पुन्हा पंधरावर गेली. हे असे होते, त्यात लाज वाटण्याचे कारण नाही. निकोटिनच्या च्युइंगगमची जोड दिली, आणि पुढच्या पाडव्याच्या आधी विडी पूर्ण बंद झाली. नऊवर थांबू नका, हे मी त्यांना तेव्हाही बजावले होते. निम्म्या केल्या म्हणजे हृदयाचा धोका निम्मा होत नाही. दिवसाला एकदोन उरल्या तरी तो बराच शिल्लक राहतो.

ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे काय, असे एका मशेरीवाल्या मावशींनी मला सुनावले होते. उपाय त्यांनीच काढला. मशेरी लावावीशी वाटली आणि लावली नाही की डब्यात एक चिंचोका टाकायचा. रात्री नात मोजायची. नातीपुढे खोटा चिंचोका टाकणे जमत नाही, असे त्या म्हणत.

वही असो वा चिंचोके, महिन्यातून एकदा एक काम सर्वांनीच करावे. दात घासून आरशासमोर उभे राहावे, बॅटरीने गालांच्या आत, जिभेखाली, जिभेच्या कडांना आणि टाळूकडे पाहावे. पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, पंधरा दिवसांत न भरणारी जखम, एरवीचे जेवण अचानक तिखट लागणे, किंवा एकावर एक ठेवलेली तीन बोटे तोंडात न जाणे, यांपैकी काही दिसले तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना किंवा दातांच्या डॉक्टरांना दाखवावे. दुखत नाही म्हणून थांबू नये. सुरुवातीला ते बहुधा दुखतच नाही. आपणहून सोडणे जमत नसेल तर औषधे आहेत, ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत. शासनाची मोफत दूरध्वनी सेवाही आहे, क्रमांक १८००-११-२३५६. हाच क्रमांक विडीच्या बंडलावर आणि तंबाखूच्या पुडीवर छापलेला असतो, चित्राच्या खाली.