न ऐकणाऱ्या फौजेचे सेनापतित्व

बुद्धिबळाच्या पटावरील प्यादे भिऊन पळून गेल्याचे कोणी पाहिलेले नाही. उंट घोड्याशी भांडत बसला, किंवा हत्तीने राजाचा हुकूम ऐकून न ऐकल्यासारखा केला, असेही तेथे घडत नाही. सारे सैन्य इतके आज्ञाधारक असते, की पराभवाचा संपूर्ण दोष खेळणाऱ्याच्याच माथी येतो, आणि कदाचित म्हणूनच त्या खेळाचे श्रेष्ठत्व मान्य करूनही मला त्यात सुख असे कधी लाभले नाही. नोकरीनिमित्त इंग्लंडातील नॉटिंगहॅम शहरी माझे वास्तव्य असताना ज्या खेळाने माझ्या सुट्ट्या गिळंकृत केल्या, त्यातला मामला नेमका उलटा होता. सेनापतीने हुकूम द्यावा, आणि तो पाळायचा की शस्त्रे टाकून पिछाडीस धावत सुटायचे, याचा निवाडा दोन फाशांनी करावा, असा तेथील शिरस्ता.

या खेळाचे नाव वॉरहॅमर. ब्रायन अॅन्सेल, रिचर्ड हॅलिवेल व रिक प्रीस्टली या तिघांनी १९८३ साली तो सिद्ध केला, आणि १९७५ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या गेम्स वर्कशॉप या कंपनीने त्याचा इतका प्रसार केला, की रॉबिन हूडमुळे जगाला ठाऊक असलेल्या नॉटिंगहॅमला, तिचे मुख्यालय तेथील लेंटन भागात असल्यामुळे, आता निराळ्याच यात्रेकरूंची रीघ लागते. सहा फूट लांब व चार फूट रुंद असे मेज, त्यावर टेकड्या, झाडी, पडका बुरूज. आणि दोन्ही अंगांस बोटाएवढ्या उंचीचे शिपाई, जे पूर्वी शिशाच्या मिश्रधातूचे असत व आता बहुतांशी प्लास्टिकचे असतात, पण ज्यांच्या ढालीवरचे चिन्ह आणि डोळ्यातली बाहुली मालकाने रात्री जागून स्वतःच्या हाताने रंगविलेली असते. ड्वार्फ, एल्फ, ऑर्क, गोब्लिन ही सारी प्रजा टोल्कीनच्या वाचकांस परिचित अशी. प्रत्येक शिपायाची किंमत गुणांत ठरलेली. स्पर्धेत दोघांनी समान किमतीची, आमच्या वेळी २,४०० गुणांची, फौज मांडायची आणि सहा पाळ्यांत निकाल लावायचा.

फाशाचा आणि फौजेचा संबंध काही इंग्रजांनी लावलेला नाही. अकराव्या शतकात अल्बेरुनीने हिंदुस्थानात चौघांनी मिळून खेळावयाच्या ज्या बुद्धिबळाचे वर्णन केले आहे, त्यात कोणते मोहरे हलवायचे हे फासाच ठरवी. प्रशियाच्या राजास १८१२ साली बॅरन फॉन राइस्वित्झ याने युद्धखेळाचे एक मेज अर्पण केले, आणि १८२४ साली त्याच्या लष्करी अधिकारी असलेल्या पुत्राने त्या खेळास शिस्तशीर नियमांत बसवून जनरल म्युफ्लिंग यास दाखविले, तेव्हा युद्धशिक्षणाचे साधन म्हणून त्याची शिफारस साऱ्या सैन्यात झाली. त्यातही गोळीबाराचा परिणाम फाशावरच. एच. जी. वेल्स यांनी मात्र १९१३ सालच्या ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात फासे दूर सारून खेळण्यातल्या तोफेने खरोखरीच नेम धरावयाचा मार्ग पत्करला. मोठ्या युद्धाहून हे लहान युद्ध किती बरे, असे त्यांचे सांगणे होते. पुढच्याच वर्षी युरोपाने ते मानले नाही.

ज्या लढाईची हकीकत मला सांगायची आहे ती एका स्पर्धेच्या शेवटच्या फेरीतली. अशा स्पर्धांत स्विस पद्धतीने जोड्या लावतात, म्हणजे जिंकणाऱ्याची गाठ जिंकणाऱ्याशी आणि हरणाऱ्याची हरणाऱ्याशी. त्यामुळे अखेरच्या फेरीस समोर येणारा गृहस्थ आपल्याइतकाच बरा किंवा आपल्याइतकाच वाईट असतो, आणि तळच्या मेजांवर चुरशीच्या लढाया होतात त्या याच कारणाने. माझा प्रतिपक्षी होता पेशाने बसचालक, वयाने माझ्याहून वडील, बोलण्यास मितभाषी. त्याची फौज ड्वार्फांची, माझी ऑर्क व गोब्लिन यांची. ड्वार्फ हळू चालतात, पाळीस अवघे तीन इंच, पण त्यांचे मन सहसा खचत नाही, आणि त्यांचा तोफखाना दूरवर संहार करतो. माझ्याकडे धैर्यही नव्हते आणि शिस्तही नव्हती. होती ती संख्या. आठव्या आवृत्तीच्या त्या नियमांत तीन गुणांस एक नाइट गोब्लिन मिळे, आणि काळ्या टोप्या घातलेल्या पन्नासांची एक झुंड मी मध्यभागी उभी केली होती.

पहिल्याच पाळीस माझ्या ऑर्कांच्या बिनीच्या तुकडीने एक टाकला. या जातीस पाळीच्या आरंभी फासा टाकावाच लागतो, आणि एक पडला की बहुधा तिची आपसांतच हाणामारी सुरू होऊन ती जागची हलत नाही. दोन्ही बगलांनी एकदम चालून जाण्याचा जो बेत मी मोठ्या मसलतीने आखला होता, तो अशा रीतीने शत्रूस न कळताच मोडला. बसचालकाने सहानुभूतीने मान हलविली. ही तुकडी जागीच उभी राहिली हे त्याच्या दृष्टीने बरेच झाले होते, हे त्यालाही ठाऊक होते.

दुसऱ्या पाळीस खरा प्रहार झाला. माझा सेनापती वायव्हर्न नावाच्या पंखधारी श्वापदावर आरूढ होता. शत्रूच्या तोफांवर झडप घालता यावी म्हणून मी त्यास टेकडीच्या आडून बाहेर काढले. पहिली तोफ बिघडली, परंतु दुसरीचा गोळा जमिनीवर आपटून उसळी घेत पुढे आला आणि श्वापद व स्वार दोघांनाही घेऊन गेला. पानिपतावर विश्वासराव पडल्याची वार्ता पसरताच सैन्याचे काय झाले, हे मराठी वाचकास नव्याने सांगावयास नको. या खेळाच्या कर्त्यांनी तोच प्रसंग गणितात मांडला आहे. सेनापती ठरावीक अंतराच्या आत असेपर्यंत गोब्लिनांनी त्याच्या धैर्यावर, म्हणजे आठाच्या आकड्यावर, परीक्षा द्यायची. दोन फाशांची बेरीज आठ किंवा कमी आली की ते टिकले. छत्तीसांपैकी सव्वीस वेळा असे घडते, आणि मुख्य निशाणबरदार जवळ असल्यास चुकलेली परीक्षा एकवार पुन्हा देता येत असल्यामुळे शंभरांत ब्याण्णव वेळा ते जागा सोडीत नाहीत. सेनापती पडला की उरतो त्यांचा स्वतःचा पाचाचा आकडा. मग तेच निशाण, तेच शिपाई, परंतु टिकण्याची शक्यता शंभरांत अठ्ठेचाळीस. एकही जास्तीचा गोब्लिन न मरता माझी फौज निम्मी झाली होती.

तरीही ती लढली, आणि लढली ती प्रामुख्याने वेडेपणाच्या बळावर. नाइट गोब्लिनांच्या झुंडीत फॅनॅटिक नावाचे काही जण दडविता येतात, जे साखळीस बांधलेला प्रचंड गोळा गरगरा फिरवीत असतात. शत्रू आठ इंचांच्या आत आला की त्यांना सोडावे लागते, आणि एकदा सोडल्यावर ते कोणाच्याच सत्तेत राहत नाहीत. माझे तीन सुटले. एक वाटेतच थांबला. दुसरा घणधारी राजरक्षकांच्या रांगा भेदून आरपार गेला आणि बसचालकाने मुकाट्याने आपले अतिसुंदर रंगविलेले वीर एकेक करून मेजाच्या कडेस निजविले. तिसऱ्याने पुढल्या पाळीस दिशा बदलून माझ्याच भालाईतांत शिरून त्याहून अधिक कत्तल केली. आम्ही दोघेही इतके हसलो, की शेजारच्या मेजावरचे लोक वळून पाहू लागले.

सहाव्या पाळीपर्यंत हिशेब असा झाला की मधल्या झुंडीवर सर्व अवलंबून राहिले. त्या नियमांत तुकडी समूळ नष्ट झाली किंवा पळून मैदानाबाहेर गेली तरच तिचे गुण शत्रूच्या खाती जमा होत. मूठभर जरी जागेवर उरले तरी त्यास काही मिळत नसे. राजरक्षकांनी समोरून घण चालविले होते, माझे गोब्लिन ढिगांनी पडले होते, पण रांगा अद्याप त्यांच्याहून अधिक असल्यामुळे परीक्षा पाचाच्या पूर्ण आकड्यावर द्यावयाची होती. पहिल्या खेपेस सहा व तीन पडले. निशाणबरदाराच्या हक्काने मी फासे पुन्हा टाकले. एकावर दोन आले, आणि दुसरा घरंगळत जाऊन पुठ्ठ्याच्या बुरुजास टेकला, वरच्या अंगास चार दाखवीत. बेरीज सहा, म्हणजे पळ, पाठलाग, आणि पराभव.

“तिरका आहे तो,” बसचालक म्हणाला, “पुन्हा टाका.”

तिरका फासा ग्राह्य धरू नये हा सर्वमान्य संकेत खरा, पण पंच हॉलच्या दुसऱ्या टोकास होता, मी तकरार केलेली नव्हती, आणि त्या फाशात या गृहस्थाचा विजय होता. मी तो उचलून टाकला आणि तीन आले. बेरीज पाच झाली आणि झुंड टिकली.

अशा स्पर्धांत वीस गुण दोघांत वाटण्याची प्रथा आहे. आमचे दहा-दहा झाले. कंपनीने २०१५ साली या खेळातल्या काल्पनिक जगाचा कथेतच विध्वंस घडवून तो खेळ बंद केला, आणि लोकांच्या हळहळीनंतर २०२४ साली ‘द ओल्ड वर्ल्ड’ या नावाने पुन्हा आणला. नवे नियम काही बाबतींत अधिक चांगले आहेत, असे माझे मत आहे. त्या स्पर्धेच्या क्रमवारीत आम्ही दोघेही मध्याच्या खाली राहिलो. उत्कृष्ट रंगकामाचे पारितोषिक बसचालकास मिळाले, आणि त्याविषयी त्या हॉलमध्ये कोणाचेही दुमत नव्हते.