वराहांचे कृत्रिम रेतन: १७ अंश सेल्सिअसची कसोटी

चंदीगडच्या सेक्टर ३० मध्ये केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटना आहे. १९५९ मध्ये स्थापन झालेली ही संस्था १९६२ मध्ये या शहरात आली. तेजस लढाऊ विमानाच्या वैमानिकासमोरील ‘हेड-अप डिस्प्ले’ हे तिच्या कामाचे ठळक उदाहरण होय. चंदीगडच्या परिसरातील वराहपालकांपुढे आज जो प्रश्न उभा आहे, तो वरकरणी पशुवैद्यकाचा वाटतो. मात्र त्याचा मोठा भाग उपकरणाचा आहे. नर वराहाचे रेत दोन-तीन दिवस १७ अंश सेल्सिअसवर कसे राखावे, हा तो प्रश्न.

या प्रश्नाला निकड आली ती रोगामुळे. आफ्रिकन स्वाइन फीव्हरचा देशातील पहिला प्रादुर्भाव २०२० मध्ये आसाम आणि अरुणाचल प्रदेशात आढळला. ऑगस्ट २०२२ मध्ये पंजाबातील पतियाळा येथील नमुन्यांत भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेने या रोगाचे निदान केले. माणसाला त्याची बाधा होत नाही. मात्र वराहांसाठी तो प्राणघातक आहे आणि त्यावर औषधोपचार नाही. रोग आढळला की त्या ठिकाणापासून १ किलोमीटर परिसरातील वराह नष्ट करावे लागतात. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशातील वराहांची संख्या सुमारे ९० लाख होती, म्हणजे २०१२ च्या तुलनेत १२ टक्क्यांनी कमी. त्यात या साथीची भर पडली.

छोट्या वराहपालकाला स्वतःचा नर पोसणे परवडत नाही. त्यामुळे गावातला एकच नर या घरून त्या घरी फिरवला जातो आणि त्याच्याबरोबर रोगही फिरू शकतो. कृत्रिम रेतनाने ही फिरती थांबते. शिवाय एका वेळी संकलित केलेल्या रेतातून साधारण १५ ते २० मात्रा तयार होत असल्याने चांगल्या वंशाच्या एका नराचा लाभ अनेक गावांना मिळतो.

मग गायी-म्हशींप्रमाणे वराहांतही ही पद्धत का रुजली नाही? महाराष्ट्राला कृत्रिम रेतन नवे नाही. मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळीकांचन येथे स्थापन केलेल्या ‘बायफ’ने गोठीत रेताची कांडी शेतकऱ्याच्या दारापर्यंत पोहोचवली. ही कांडी द्रवरूप नत्रात उणे १९६ अंशांवर वर्षानुवर्षे टिकते आणि तिच्यात साधारण २ कोटी शुक्राणू असतात. वराहाच्या एका मात्रेत मात्र २०० ते ३०० कोटी शुक्राणू आणि ८० ते १०० मिलिलिटर द्रव लागतो. त्यातच वराहाच्या शुक्राणूचे आवरण थंडी सोसत नाही. त्यात कोलेस्टेरॉल कमी आणि असंतृप्त मेदाम्ले अधिक असल्याने १५ अंशांच्या खाली ते दुबळे होते. रेत गोठवता येते. परंतु त्यानंतर गर्भधारणेचे प्रमाण आणि पिलांची संख्या दोन्ही घटतात. म्हणूनच जगभर वराहांचे रेत मुख्यतः द्रवरूपात वापरले जाते.

हे द्रवरूप रेत राखण्याची रीत ठरलेली आहे. संकलन होताच त्यातील जेलीसारखा भाग गाळून वेगळा केला जातो. शुक्राणूंची हालचाल तपासून, तितक्याच तापमानाचे पोषक द्रावण मिसळले जाते. अमेरिकेतील बेल्ट्सव्हिल येथे १९७० च्या दशकात विकसित झालेले ग्लुकोज व सायट्रेटयुक्त द्रावण आजही प्रचलित आहे. त्यात रेत सुमारे तीन दिवस टिकते. त्यानंतर बाटल्या हळूहळू थंड करून, उजेडापासून दूर, १५ ते १८ अंशांदरम्यान ठेवल्या जातात. तळाशी बसलेले शुक्राणू पुन्हा मिसळावेत म्हणून त्या दिवसातून एक-दोनदा अलगद हलवतात.

खरी अडचण येथे सुरू होते. देशात दोन शीतसाखळ्या सुस्थापित आहेत: लसींची २ ते ८ अंशांची आणि गोठीत रेताची उणे १९६ अंशांची. वराहाचे रेत या दोन्हींत बसत नाही. घरगुती फ्रिजचे ४-५ अंश तापमान त्याला मारक ठरते. चंदीगड परिसरात मे-जूनमध्ये पारा ४० अंशांपलीकडे जातो, तर जानेवारीच्या रात्री तो ५ अंशांच्या आसपास उतरतो. साहजिकच येथे लागणारी पेटी उन्हाळ्यात थंडावा आणि हिवाळ्यात ऊब देणारी, वीज गेल्यावरही काही तास तग धरणारी आणि मोटारसायकलवर नेता येणारी हवी. वाटेतील तापमानाची नोंदही तिने ठेवायला हवी. अन्यथा गर्भ न राहिल्यास दोष रेताचा, वाहतुकीचा की माज ओळखण्यातील चुकीचा, हे ठरवता येत नाही.

पेटीने सारे प्रश्न सुटणार नाहीत. उष्म्याचा ताण बसलेल्या नराच्या रेताची प्रत पुढील काही आठवडे खालावलेली राहते. १७ अंशांवर जिवाणूही वाढतात. त्यामुळे द्रावणात प्रतिजैविके घालावी लागतात आणि संकलनातील स्वच्छतेला पर्याय उरत नाही. सर्वांत गंभीर बाब म्हणजे काही विषाणू रेतातूनही पसरतात. नर बाधित असेल, तर रोग थांबवणारे साधनच तो अनेक गावांत पोहोचवील. रेतकेंद्रातील नरांची नियमित तपासणी आणि नव्या नरांचे विलगीकरण म्हणूनच अनिवार्य ठरते.

या विषयाचे ज्ञान देशात आहे. गुवाहाटीजवळील राणी येथील राष्ट्रीय वराह संशोधन केंद्राने ईशान्येत द्रवरूप रेताचा प्रसार केला आहे. ‘आगोंदा गोवन’ ही देशी जात असलेल्या गोव्यात केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था वराहांवर काम करते, तर लुधियानाचे पशुवैद्यकीय विद्यापीठ पंजाबातील वराहपालकांना प्रशिक्षण देते. राष्ट्रीय पशुधन अभियानाच्या २०२१ मधील सुधारित स्वरूपात वराह प्रजनन प्रकल्पांसाठी ५० टक्के, कमाल ३० लाख रुपयांपर्यंत भांडवली अनुदानाची तरतूद करण्यात आली.

तथापि, प्रयोगशाळेतून निघालेली मात्रा गोठ्यात सुस्थितीत पोहोचली नाही, तर या खर्चाचे चीज होत नाही. वराहपालन हा आपल्याकडे बहुतांशी उपेक्षित आणि अल्पभूधारक कुटुंबांचा व्यवसाय आहे. मादीचा माज दोन-तीन दिवसांचा असतो. ती संधी हुकली की पुढील माजासाठी सुमारे २१ दिवस थांबावे लागते आणि तेवढ्या दिवसांचे खाद्य अंगावर पडते. विमानासाठी सूक्ष्म उपकरणे घडवणाऱ्या देशाला १७ अंशांची स्वस्त आणि भरवशाची पेटी घडवणे अशक्य नाही. उपकरणशास्त्रज्ञ आणि पशुवैद्यक यांनी एकत्र बसून तिची गरज निश्चित करणे, ही त्यातील पहिली पायरी ठरेल.