टोपी एक नव्हतीच कधी

पंधरा ऑगस्ट जवळ आला की आमच्या उर्दू शाळेत निरनिराळ्या धर्मांच्या मुलांचे तक्ते भिंतीवर चढतात. त्यांतला मुसलमान मुलगा आम्हाला आता तोंडपाठ झाला आहे. पांढरी जाळीची टोपी, अंगात हिरवे काहीतरी. समोर बसलेल्या वर्गातली बहुतेक मुले उघड्या डोक्याची असतात, हे त्या चित्रकाराला कोण सांगणार? यंदा सहावीतल्या एका पोराने आपल्या चित्रात आरशांची रंगीत टोपी काढली. आमच्यातल्याच एका सहकाऱ्यांनी ती खोडायला लावली. म्हणाले, "ही आपली नव्हे."

आमचे भांडण दोघांशीही आहे, त्या चित्रकाराशी आणि या सहकाऱ्यांशी. कारण दोघांचे म्हणणे एकच आहे: मुसलमानाची टोपी एकच.

पोराने काढली होती ती सिंधी टोपी. कपाळावर कमानीसारखी कापलेली, भरतकाम आणि आरसे लावलेली. सिंधमधला मुसलमान ती घालतो, तशीच उल्हासनगरचा हिंदू सिंधीही समारंभाला घालतो. मग ती "आपली" की "त्यांची"? उझबेकिस्तानात फरगाना खोऱ्यातल्या चुस्त गावची डोप्पी पाहा. काळे कापड, त्यावर पांढऱ्या धाग्याने भरलेले बदाम, चौकोनी आकार. घडी घालून खिशात जाते. भरतात बायका. तिकडे मुलीही रंगीत डोप्पी घालतात (हे ऐकून आमचे सहकारी काय म्हणतील?). बुखाऱ्याचे यहुदीही भरजरी टोप्या घालीत. झांझिबारच्या कोफियाला तर शेकडो बारीक छिद्रे पाडून प्रत्येकाची कड सुईने बांधतात. एका टोपीला आठवडेच्या आठवडे जातात. अल्बानियाची पांढरी लोकरी टोपी मुसलमानाच्या डोक्यावर आहे, कॅथलिकाच्याही.

आणि तुर्की टोपी! आमच्या बुजुर्गांना ती इस्लामची निशाणी वाटे. १८२९ साली सुलतान महमूद दुसरा याने ती आपल्या नोकरांवर हुकमाने चढवली, तीही पागोटी काढायला लावून. धर्मावरून माणूस ओळखू येऊ नये, हा त्यातला एक हेतू होता. तेव्हा लोकांना ती नवी खूळ वाटली. शंभर वर्षेही झाली नाहीत तोच, १९२५ साली मुस्तफा कमालच्या सरकारने कायद्याने तिच्यावर बंदी घातली आणि इंग्रजी हॅट सक्तीची केली. मग हीच टोपी दीनची ठरली. इस्किलिपचे आतिफ होजा १९२६ साली फासावर गेले, तेही कायद्याच्या आधी लिहिलेल्या पुस्तिकेवरून. एका सरकारने सक्तीने घातली, दुसऱ्याने सक्तीने काढली. डोके कोणाचे, हे दोघांनीही विचारले नाही.

आमचे सहकारी वाईट नाहीत. त्यांना भीती आहे की, रंग आला की ओळख गेली. पण ज्या पांढऱ्या जाळीला ते "आपली" म्हणतात ती मशिदीच्या दारात ढिगाने मिळणारी यंत्राची टोपी आहे. तिच्यात कुणाच्या आईची सुई नाही, कुठल्या गावाचे नाव नाही. आमचे खेड्यातले आजे गांधी टोपी घालून ईदगाहवर जात. त्यांना तेव्हा कुणी "ही आपली नव्हे" म्हटल्याचे आम्हाला आठवत नाही.

बी.एड.ला आम्हाला ज्ञाताकडून अज्ञाताकडे जायला शिकवले होते. पुढच्या आठवड्यात सहावीच्या मुलांना जगाच्या नकाशावर टोप्या काढायला सांगणार आहोत. त्या पोराला सिंधची टोपी पुन्हा काढायची आहे, आरशांसह. सहकाऱ्यांनाही बोलावले आहे. अजून हो म्हणालेले नाहीत.