मासा संकट घेत नाही



मुलांच्या हट्टाखातर आपल्या चाळींत, वस्त्यांत कितीतरी घरी फिशटँक आला आहे. दोन-चार मासे, थोडी रंगीत खडी आणि बुडबुडे सोडणारा स्पंजचा फिल्टर. एखाद्या सकाळी मासा मेलेला दिसतो आणि शेजारीण म्हणते, "बरं झालं, घरावरचं संकट त्यानं अंगावर घेतलं." देवदेवस्कीचा पसारा टाकून आलेल्या आपल्या घरांत ही समजूत काचेच्या पेटीतून पुन्हा शिरू द्यायची काय? मासा संकटाने मरत नाही. बरेचदा तो पाण्यातल्या विषाने मरतो.

हे विष कोठून येते? माशाचे मलमूत्र आणि उरलेले खाद्य यांपासून अमोनिया तयार होतो. पाणी नितळ दिसले तरी त्यात तो असू शकतो. फिल्टरच्या स्पंजात डोळ्यांना न दिसणारे उपयोगी जंतू राहतात. काही जंतू अमोनियाचे नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे जंतू त्याचे नायट्रेट करतात, ते त्यामानाने बरेच कमी घातक असते. नव्या टँकमध्ये हे जंतू पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून सुरुवातीला एक-दोनच मासे सोडावेत आणि खाद्य बेताचे घालावे.

आपण मात्र सुट्टीच्या दिवशी सगळा टँक रिकामा करतो, स्पंज साबण लावून नळाखाली घासतो, उन्हात वाळवतो. साबण, नळाच्या पाण्यातला क्लोरीन आणि ऊन यांनी जंतू मरतात. पुढे अमोनिया साचतो, मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागतात. घासूनपुसून स्वच्छ केलेला स्पंजच घात करतो आणि दोष जातो नशिबाला.

योग्य रीत सोपी आहे. आठवड्याला टँकमधले पाव हिस्सा पाणी बादलीत काढावे. बुडबुडे मंदावले असतील, तर त्याच पाण्यात स्पंज दोन-तीनदा पिळून परत बसवावा. साबण बिलकूल नको. नवे पाणी आदल्या दिवशी उघड्या बादलीत भरून ठेवावे, म्हणजे क्लोरीन उडून जातो. दोन स्पंज असतील तर एका वेळी एकच धुवावा. जंतूंनाही प्राणवायू लागतो, तेव्हा विजेची बचत म्हणून रात्री फिल्टर बंद करू नये. हवेचा पंप पाण्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवावा, नाहीतर वीज गेल्यावर पाणी नळीतून उलट पंपात शिरते. आणि पाण्यात हात घालण्यापूर्वी प्लग काढायलाच हवा. लहान मुलांना हे पहिल्याच दिवशी शिकवा.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांत प्राणिमात्रांवर दया करण्याची आणि त्यांचा सांभाळ करण्याची प्रतिज्ञा आहे. नुसत्या दयेने मासा जगत नाही. त्याला काय हवे, हे समजून घ्यावे लागते. करुणेला प्रज्ञेची जोड हवी ती अशी.

मासा मेलाच, तर मुलांना संकटाची गोष्ट सांगू नका. पाणी केव्हा बदलले, स्पंज कशाने धुतला, खाद्य किती घातले, हे त्यांच्याबरोबर बसून तपासा. कारण शोधायची सवय लागली, तर ती जन्मभर पुरेल.